दुधाच्या घरातला कोरा चहा

५ जानेवारी, सोमवार

ही डायरी खताच्या दुकानवाल्यानं रणधीरला दिली. रणधीर म्हणजे माझा ल्योक. पानापानावर खाली पोत्याचं चित्र आहे. त्याला लिहायचा कंटाळा, म्हणून दिवाणावर पडून होती. नात म्हणली, "आजी, तू लिही." म्हणलं, मी चौथीतनं सुटलेली बाई, काय लिहू? तर म्हणती, "दिवसभर जे बडबडतीस तेच लिही." तर लिहिते. पोतं मध्ये येतं, त्याला वळसा घालून लिहावं लागतं.

नातीचं नाव हर्षाली. पुण्यात इंजिनेर होती. तिथं दोन वर्षं तिच्याकडनं काय करून घेतलं, तर शाम्पूच्या बाटलीचं टोपण! एवढी शिकलेली पोर आणि टोपण! मला ऐकूनच तिडीक गेली होती. आता ती नोकरी सोडून घरी आलीय आणि खवा घोटायचं मशीन करतीय. आमच्या गावात घरटी खव्याची भट्टी. जाळापुढं बसून उलथणं फिरवून फिरवून माझा उजवा खांदा कामातनं गेला, ते बघून पोरीला हे सुचलं. मला मोठा आनंद झालाय, पण तो दाखवला तर सूनबाई म्हणती नजर लागल. म्हणून इथं लिहिते.

मशीन असं. भट्टीवर चार पायांचा लोखंडी घोडा. त्याच्यावर मोटर. मोटरीतनं खाली दांडा. दांडा कढईच्या बुडापाशी वळतो आणि तिथं पातं. मोटर फिरली की पातं बूड खरडत फिरणार, बाईनं नुसता जाळ बघायचा. हे सगळं हर्षाली आधी कॉम्प्युटरात करती. आज मला दाखवत होती, "हे माझं मेन सॉफ्टवेअर, ह्यात आकार काढायचा. आणि हे त्याच्या जोडीचं, दुसऱ्या कंपनीचं..." पुढं काय म्हणली कुणास ठाऊक, माझं लक्ष दुधावर होतं, उतू चाललं होतं.

लोखंडाचं काम सिद्धाराम करतो. येडशी फाट्यावर त्याचं वेल्डिंगचं दुकान. माणूस नळदुर्गाकडचा, मला अव्वा म्हणतो, म्हणजे आई. हर्षालीनं काढायचं, त्यानं जोडायचं, असं दोघांचं ठरलंय. रणधीर म्हणतो, "सिद्धाराम तिचा पार्टनर हाय." बरं.

भट्टीवाल्या बायांचा बचत गट आहे, त्याची पुढारीण गौराबाई. ती म्हणलीय, रथसप्तमीला हळदीकुंकवाला आमी येतो, मशीन चालवून दाखवा, खवा करपला न्हाय तर गटात घेऊ. रणधीरनं लगेच पाचर मारली, "चाललं तर चाललं, न्हाय तर पुन्हा पुण्याला जायचं, कंपनी बोलावतीय." जसा काय ह्याला पोर डोळ्यापुढं नकोच आहे! बापाचं काळीज असं असतं का? मी जेवताना त्याला भाकरी वाढली, पण बोलले नाही.

८ जानेवारी

आज हर्षालीनं मला भट्टीपुढं बसवून मी उलथणं कसं फिरवते त्याचं मोबाइलात शूटिंग केलं. मी पदर नीट घेतला तर म्हणती, "आजी, तुझा चेहरा नाही येत ह्यात, नुसता हात." म्हणलं, मग आधी सांगायचं, मी कुंकू पण नवीन लावलं.

मग कॉम्प्युटरात कढई दाखवली. बोटानं ढकललं की गरागरा फिरती, वरनं, खालनं, बुडाचं काळंसुद्धा नाही. काचेची केली तर काचेची होती. माझ्या लग्नात आईनं दिलेली कढई अशी कधी फिरली नाही. मी तासभर तिथंच. सूनबाई चुलीकडनं ओरडली, "आत्या, दोन्ही इंजिनेर तिकडंच बसा, भाकऱ्या मी एकटीच थापते."

शेजारची मी ताटलीत दिलेला खवा घेत म्हणली, "पोरीच्या जातीनं लोहाराचं काम कशाला?" मी म्हणलं, तुझा पोरगा पोरग्याच्या जातीचा असून पारावर बसून काय करतो ते सांग आधी. तिनं ताटली न धुता परत दिली.

सिद्धाराम संध्याकाळी घोडा घेऊन आला, चारी पाय रंगवलेले. चहा दिला, नुसत्या दुधाचा, साय घालून. दोन कप प्याला. म्हणतो, "अव्वा, असलं मशीन जिल्ह्यात न्हाय. झकास." गुणी माणूस.

१२ जानेवारी, सोमवार

मला आज इतका राग आलाय की पोत्याच्या चित्रावरनंच लिहितेय.

सकाळी हर्षालीचं तोंड उतरलेलं. म्हणलं काय झालं? कॉम्प्युटरातनं डोळे न काढता म्हणती, "पार्टनर म्हणतो मोडणार."

"काय मोडणार?"

"दांडा. खवा घट्ट होत आला की मोडणार म्हणतो."

परवा माझ्या ओट्यावर बसून दोन कप पिऊन झकास म्हणणारा हाच ना तो? तोंडावर झकास आणि माघारी मोडणार! म्हणलं, "तो खोटं बोलत असंल." तर पोर म्हणती, "पार्टनर खोटं नाही बोलत आजी. मी तीनदा विचारलं, तीनदा तेच."

तीनदा! माझ्या नातीनं त्याला तीनदा विचारावं आणि त्यानं तीनदा अपशकुन करावा! वर म्हणती, "आणि पार्टनर महिनाभरच आहे माझ्याकडं, नंतर बंद." म्हणजे काम अर्धं टाकून जायचं पण ठरवून बसलाय. मी म्हणलं, "मग तुझं तू कर की, त्याला कशाला विचारतीस?" तर हसून म्हणती, "त्याच्याशिवाय मला कसं कळणार?"

एवढी भोळी पोर! टोपणवाल्यांनी राबवून घेतलं, आता हा. रणधीरला सांगावं म्हणलं, पण तो आधीच पुण्याला धाडायला टपलेला. मीच बघते काय करायचं ते.

१४ जानेवारी, संक्रांत

केलं.

सिद्धाराम तिळगूळ द्यायला आला. हर्षाली आणि सूनबाई ववसायला देवळात गेलेल्या. घरात मी. मी चहा केला. दुभती म्हैस दारात, चरवी भरून दूध चुलीपाशी, आणि मी त्याला कोरा चहा दिला. मुद्दाम. साखरसुद्धा बेतानंच.

त्यानं कपात बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. मग टोपी काढून मांडीवर ठेवली आणि हळू आवाजात म्हणला, "अव्वा, कोण गेलं?"

आता हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्याकडं कोरा चहा मयताच्या घरी देतात.

"कुणी न्हाय गेलं. प्या."

"मग म्हस आटली व्हय?"

"म्हस चरवी भरून देती. दोन्ही टायमाला."

त्यानं हातातली पुडी पुढं केली, "तिळगूळ घ्या अव्वा, गोड बोला."

मी म्हणलं, "गोड बोलायचं आमाला काय सांगता? तोंडावर गोड बोलून माघारी दुसरंच बोलणारी माणसं मी लई बघितलीत."

माणूस पांढरा पडला. पुडी ओट्यावर ठेवली, टोपी घातली, आणि कप तसाच ठेवून गेला. वरनं जाताना पाया पडला! म्हणजे बघा किती मुरलेला. मला रात्री जेवण गोड लागलं. तिळाच्या पोळ्या चार खाल्ल्या. नंतर पोट दुखलं, पण ते पोळ्यांनीच.

१७ जानेवारी, शनिवार

घरात वणवा पेटलाय.

सिद्धाराम फोन उचलत नाही. मोटर त्याच्या दुकानात, दांडा त्याच्या दुकानात, आमच्या दारात नुसता चार पायांचा घोडा. त्याच्यावर सूनबाईनं गोधडी वाळत घातलीय. रणधीर ओरडला, "आठ दिवसावर रथसप्तमी आली! काय झालं त्याला?" हर्षालीला माहीत नाही. मी कांदा चिरत बसले.

मग पोर माझ्यापाशी येऊन बसली. डोळे लाल. मला राहवलं नाही. म्हणलं, "रडू नगंस. गेला तर गेला. असला पार्टनर काय कामाचा, जो मोडणार मोडणार म्हणतो?"

ती माझ्याकडं बघत राहिली. "आजी, सिद्धारामकाका कधी म्हणले मोडणार?"

"तूच म्हणलीस. पार्टनर म्हणतो."

"अगं, पार्टनर म्हणजे हे!" आणि तिनं कॉम्प्युटर उचलून माझ्या कांद्यावरच आणून ठेवला. तिथं आमचा दांडा उभा होता. सगळा निळा-हिरवा, आणि खाली जिथं तो वळतो त्या कोपऱ्यात लालभडक, गळू आल्यावाणी. "माझ्या सॉफ्टवेअरच्या जोडीला दुसऱ्या कंपनीचं सॉफ्टवेअर लावलंय. त्याला पार्टनर सॉफ्टवेअर म्हणतात. मी आकार काढते, हे त्याच्यावर जोर लावून बघतं आणि मोडणार कुठं ते सांगतं. महिनाभर फुकट वापरायला दिलंय. तुला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं!"

पहिल्या दिवशी दूध उतू चाललं होतं, त्यात माझा काय दोष?

आणि मला सांगा, हे नाव ठेवायची पद्धत झाली का? जगात नावांचा दुष्काळ पडलाय? माझ्या आईची पोरं जगत नव्हती म्हणून माझं नाव कडूबाई ठेवलं, त्याला कारण होतं. ह्या निर्जीव डबड्याला पार्टनर म्हणायला काय कारण? पार्टनर म्हणजे माणूस. त्याला चहा लागतो, त्याला राग येतो. शिकल्यासवरल्या कंपन्या, एक नाव धड ठेवता येईना, आणि त्यापायी आमच्या घरातली माणसं तुटतात!

हर्षालीनं विचारलं, "आजी, तू काकांना काय बोललीस?"

"बोलले न्हाय लई. चहा दिला."

"कसला?"

मी पुन्हा कांदा चिरायला घेतला. रणधीरनं दारातनं ऐकलं. गाडीला किक मारून गेला कुठंतरी. जेवायच्या वेळेलाच आला. एवढं घरावर संकट, आणि ह्याला फिरायचं सुचतं.

१८ जानेवारी, रविवार

सगळ्यांनी मला वाळीत टाकल्यावाणी केलं. रणधीर म्हणला, "कोरा चहा तू दिलास, तूच निस्तर." म्हणलं, मी म्हातारी बाई, माफी मागायला फाट्यावर जाऊ? "मागू नको," म्हणतो, "दूध घेऊन जा."

सकाळची धार किटलीत घेतली, साय मोडू न देता. टमटममध्ये मांडीवर धरून बसले. एक बाई म्हणली, डेअरीला चाललाव काय? म्हणलं, व्हय, बिघडलेल्या डेअरीला.

सिद्धाराम दुकानात ठिणग्या उडवत होता. मला बघून तोंडावरची काच वर केली आणि उभा राहिला. खुंटीवर रणधीरच्या मफलरसारखाच मफलर टांगलेला होता. तोच निळा, तीच उसवलेली कड. हल्ली बाजारात एकाच ठेवणीचे किती मफलर विकतात!

मी किटली पुढं केली. तो घेईना.

"अव्वा, मी तुमाला विचारलं कोण गेलं. तुमी म्हणलात कुणी न्हाय. मग मी वाटंनं विचार करत आलो. म्हणलं, ह्या घरापुरता मीच गेलो वाटतं."

मला असं कुणी बोललेलं सोसत नाही. डोळ्यात पाणी आलं, ते वेल्डिंगच्या धुरानं. मी म्हणलं, "तुमी न्हाय गेलात. माझी अक्कल गेल्ती." आणि सगळं सांगितलं, दूध उतू चाललं होतं तिथपासनं. कॉम्प्युटरातला पार्टनर मोडणार म्हणतो, आणि मला वाटलं तुमी म्हणताव.

मला वाटलं हसंल. तो ताठ झाला. "म्हणजे ते डबडं म्हणतंय माझा जोड मोडणार?"

"तीनदा म्हणलं."

"अव्वा, ह्या हातानं लावलेला एक जोड उसवला न्हाय अजून! ट्रॅक्टरचे जोडलेत, उसाच्या गाड्याचे जोडलेत. आणि हे न बघता, न हात लावता, तिथनं बसून मोडणार म्हणतंय?"

"मी तेच म्हणते!" म्हणलं. इतका बरा वाटला मला तो माणूस तेव्हा. समोरच्या टपरीवाल्याकडनं माझ्या दुधाचा चहा करून घेतला. त्यानं एक कप प्याला आणि आमी दोघांनी मिळून त्या पार्टनरला पोटभर शिव्या घातल्या. टपरीवाला पण दोन घालून गेला, त्याला काही माहीत नसताना.

ठरलं. दांडा आहे तसाच लावायचा आणि त्या डबड्याला दाखवून द्यायचं.

२१ जानेवारी

मोटर आली, दांडा आला. हर्षाली नको नको म्हणत होती. "काका, कोपऱ्यात काटकोन आहे ना, सगळा जोर तिथंच जमतो. तुमचं वेल्डिंग चांगलंच आहे, आकार माझाच चुकला. तिथं गोल वळण द्या, मी काढून ठेवलंय." सिद्धाराम म्हणला, "बाई, आधी माझा जोड बघा." मी त्याच्याच बाजूनं.

भट्टी पेटवली. मोटर चालू केली. दूध फिरायला लागलं. माझा हात आपोआप फिरत होता मांडीवर, उलथणं नसताना. पातं बुडाला धरून सरसर जात होतं. दूध आटलं, पिवळसर झालं, घट्ट यायला लागलं. मी सिद्धारामकडं बघितलं, त्यानं मिशीवर हात फिरवला.

आणि कट्टकन आवाज आला. तेरखेड्याचा फटाका फुटावा तसा. पातं खव्यात बुडालं, मोटर नुसती फिरत राहिली.

दांडा बाहेर काढून पुसला. मोडला होता बरोबर तिथंच, जिथं लाल होतं. जोडावर नाही, त्याच्या जरा खाली, कोपऱ्यात. केसाचा फरक नाही.

सिद्धारामनं मोडकी कड बोटानं चाचपून बघितली. "जोड न्हाय सुटला," म्हणला हळूच, "लोखंड गेलं." हर्षाली एक शब्द बोलली नाही आणि तेच मला जास्त लागलं. खवा करपला. पोरगी गुडघ्यावर डोकं टेकून भट्टीपुढं बसली. रणधीर भिंतीला टेकून उभा होता. मला वाटलं आता म्हणतो, भर बॅग. तर म्हणला, "कढई घासायला मी घेतो." ह्या माणसाचं मला काही कळत नाही.

मेल्या पार्टनराला कळलं कसं? हातात धरलं नाही, जाळ बघितला नाही. माझा त्याच्यावरचा राग कमी झालेला नाही, वाढलाय. खरं बोलायचं होतं तर जरा मायेनं बोलायचं.

सिद्धाराम जाताना हर्षालीला म्हणला, "ते गोल वळण काढलंय म्हणलात ना, ते मोबाइलवर पाठवा. आजच वाकवतो. जोडच ठेवत न्हाय तिथं."

२५ जानेवारी, रथसप्तमी

अंगणात गवऱ्या रचून बोळक्यात दूध ठेवलं, सूर्याला दाखवून उतू घालवलं. बाराही महिने दूध उतू जाऊ नये म्हणून जीव टाकतो आपण, आजच्या दिवशी मुद्दाम घालवायचं. चांगलं उगवतीकडं गेलं. सूनबाई म्हणली, शुभ आहे. म्हणलं, दांड्याचं बघू आधी.

गौराबाई तिच्या बाया घेऊन येणार होती. पण आला अख्खा मुलूख! वाशी तालुक्याकडनं दोन टेम्पो, शेजारच्या गावच्या भट्टीवाल्या, कुणाकुणाचे मालक. ह्यांना कुणी सांगितलं? मी विचारलं तर एक बाई म्हणती, "रणधीरभाऊंनी फोन केलता, लेकीचं मशीन बघायला या म्हणून." मी म्हणलं तुमचा कायतरी घोटाळा झालाय, त्याला तर हे बंद करायचंय. हळदीकुंकवाला वाण पुरेना, शेवटच्या बायांना मी शिकेकाईची पाकिटं दिली.

सिद्धारामनं नवा दांडा लावला. खाली कोपरा नाहीच, एकसंध वळलेला, विळ्याच्या पाठीसारखा. हर्षालीनं रात्री कॉम्प्युटरात दाखवला होता, सगळा हिरवा.

मोटर चालू झाली. दूध आटत आलं तशी गौराबाई पुढं सरकली, तिला ठाऊक, खरी परीक्षा शेवटी. घट्ट झालं. मोटरीचा आवाज बदलला, जड झाला. मी सिद्धारामचा हात धरला होता हे मला नंतर कळलं. दांडा जरा लवला. आणि फिरत राहिला. फिरत राहिला. खवा कढईची कड सोडून गोळा झाला.

गौराबाईनं बूड खरवडून बघितलं, चाखलं, आणि म्हणली, "कडूबाई, तुमच्या हाताची चव न्हाय ह्याला."

माझा जीव खालीवर झाला.

"पण माझ्या खांद्याला ही चव चालंल," म्हणली. "रथसप्तमीचं बोलले ते बोलले. आधी माझ्या भट्टीवर बसवा."

हसं पिकलं. मी हर्षालीला जवळ घेतलं, तिच्या केसाला धुराचा वास. रणधीर कुठं दिसेना. शोधलं तर गोठ्यात म्हशीकडं तोंड करून उभा होता, डोळे पुसत. म्हणला, धूर गेला. गोठ्यात कसला धूर? भट्टी तर अंगणात. ह्याच्या मनात काय चालतं देव जाणे. पुण्याचं नाव मात्र काढलं नाही, आणि मीही आठवण करून दिली नाही.

सिद्धारामला चहा दिला. नुसत्या दुधाचा. तिसरा कप त्यानं मागून घेतला.

२८ जानेवारी, बुधवार

गौराबाईची कढई आमच्या कढईपेक्षा मोठी, म्हणून दांडा पुन्हा काढायला घेतलाय. सिद्धाराम कामाचं बोलायला सकाळीच आला. मी आणि तो हर्षालीच्या मागं उभे. तिनं पार्टनरला चालवलं. जरा वेळ निळं, जरा वेळ हिरवं, आणि मग पुन्हा मोटरीच्या अंगाला एक लाल ठिपका.

"बघा," सिद्धाराम म्हणला, "सुरुवात झाली ह्याची."

"चांगलंच आहे ना," हर्षाली म्हणली, "आत्ता सांगितलं."

चांगलं काय त्यात? दिवस उजाडला नाही तोवर लाल! पण म्हणलं, आपण आपली रीत सोडायची नाही. चहा केला. सिद्धारामला दुधाचा, हर्षालीला दुधाचा. आणि एक कप कॉम्प्युटरापुढं नेऊन ठेवला. कोरा.

हर्षालीनं कपात बघितलं, मग माझ्याकडं. हसू दाबून म्हणती, "अगं आजी, कोण गेलं?"

म्हणलं, "अजून कुणी न्हाय. हिरवं दाखवू दे, मग दूध घालते."